वरच्या मजल्यावरचा दुसरा राउटर आणि दर गुरुवारी जाणारं नेट

आत्याचा फोन आला की मी वार बघत नाही, गुरुवारच असतो. "अरे, वायफाय दिसतंय रे, पण नेट काही येत नाही. वर त्याची मीटिंग चालू आहे आणि तो माझ्यावर ओरडतोय."

पुण्यात गुरुवार हा महावितरणचा दुरुस्तीचा वार. सहकारनगरच्या त्या बंगल्यात सकाळी वीज जाते, दुपारी येते, आणि वीज आली की नेट जातं. पहिल्या खेपेला मी इंटरनेट कंपनीला शिव्या घातल्या. दुसऱ्या खेपेला राउटर म्हातारा झाला असं निदान केलं आणि आत्याला उगाच नवीन राउटरचा खर्च करायला लावला. तिसऱ्या खेपेला जिन्यात बसून फोनला नेटवर्कवरचा नेमका कुठला पत्ता (आयपी ॲड्रेस) मिळालाय ते बघितलं, तेव्हा कळलं की या घरात पत्ते वाटणारे दोघे आहेत. त्यानंतर कोथरूडला, सिंहगड रोडच्या रो-हाउसमध्ये आणि सदाशिव पेठेत दीड-दोन फुटी भिंतींच्या एका वाड्यात हाच बिघाड इतक्यांदा काढलाय की आता निम्मं काम फोनवरच होतं.

मांडणी सगळीकडे सारखी. खाली हॉलमध्ये फायबरची पेटी, म्हणजे कंपनीने दिलेला मुख्य राउटर. वर रेंज पोचत नाही म्हणून तिथून एक लॅन केबल वर नेलेली आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर. मांडणीत चूक काही नाही, उलट हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग. भिंतीतल्या सॉकेटला खोचायचे स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि तेच परत बोलतात, त्यात निम्मा वेग जातो. वायर असली की तो प्रश्नच उरत नाही. मात्र दुसरा राउटर दुकानातून येतो तो स्वतःला घरातला कर्ता समजूनच. त्याला धाकटं व्हायला शिकवावं लागतं, आणि ते राहून गेलेलं असतं.

लक्षणं

सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे वायफायच्या पंख्याशेजारी उद्गारचिन्ह आणि खाली 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांपैकी एकाचं नेट चालतं, दुसऱ्याचं नाही. वायफाय बंद करून चालू केलं की कधी जमतं, कधी नाही. काही तासांनी आपोआप सगळं सुरळीत होतं आणि वीज गेली की पुन्हा सुरू. हे तुमच्याकडे होत असेल तर थेट डीएचसीपीच्या (म्हणजे पत्ते वाटण्याच्या) भागाकडे गेलात तरी चालेल, पण सोप्या गोष्टी आधी उरका.

दुसरा प्रकार: नेट चालतं, पण वरच्या फोनवरून खालच्या टीव्हीवर काही पाठवता येत नाही, प्रिंटर सापडत नाही. ही वायर राउटरच्या मागच्या चुकीच्या पोर्टात (भोकात) गेल्याची खूण.

तिसरा: तीनशे एमबीपीएसचा प्लॅन आणि वर मात्र काही केल्या ९४-९५ च्या पुढे जात नाही. तिथे केबल बघायची.

चौथा: वर गेलं तरी फोन खालच्याच वायफायला चिकटून राहतो, एकच कांडी दाखवतो. आणि पाचवा, क्वचित पण भयंकर: सगळ्या पोर्टचे दिवे गणपतीच्या रोषणाईसारखे एकत्र लखलखायला लागतात आणि अख्ख्या घराचं नेट ठप्प.

आधी दुसऱ्या राउटरची वायर काढा

फुकट आणि दोन मिनिटांचं काम, तरी कोणी करत नाही. खालच्या मुख्य राउटरमधून वर जाणारी लॅन केबल काढा. मग मुख्य राउटरच्या शेजारी उभं राहून फोनचा मोबाइल डेटा बंद करा, वायफाय बंद करून चालू करा. डेटा बंद करणं महत्त्वाचं, कारण वायफाय मेलेलं असलं तरी फोन गुपचूप सिमवरून पान उघडून दाखवतो आणि आपण फसतो. मी फसलोय.

केबल काढल्यावर नेट नीट चाललं तर दोष वरच्या राउटरचा किंवा त्या केबलचा, पुढे वाचा. तरीही चाललं नाही तर वरच्या राउटरचा काही संबंध नाही. पेटीवरचा 'एलओएस' नावाचा दिवा लाल असेल तर प्रकाशच पेटीपर्यंत पोचत नाहीये, आणि घरात बसून तुम्ही त्याचं काही करू शकत नाही. कंपनीला फोन लावा.

फोनला विचारा, तुझा दरवाजा कुठला?

केबल परत जोडा. नेट चालत नसलेला फोन हातात घ्या, वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावापुढच्या चाकावर बोट ठेवा आणि खाली सरकत 'गेटवे' शोधा. आयफोनमध्ये त्यालाच 'राउटर' म्हटलेलं असतं. मग नेट चालत असलेल्या फोनवरही तेच बघा. दोन्ही कागदावर लिहून घ्या, लक्षात राहत नाहीत.

आत्याकडे चालत्या फोनवर १९२.१६८.१.१ होतं आणि बंद फोनवर १९२.१६८.०.१. निदान तिथेच झालं. गेटवे म्हणजे बाहेर जायचा दरवाजा. खालच्या पेटीचा दरवाजा रस्त्यावर उघडतो. वरच्या राउटरचा दरवाजा उघडतो भिंतीवर, कारण त्याच्या इंटरनेटच्या पोर्टात काही लावलेलंच नाही. फोन बिचारा बंद गल्लीत उभा राहून वाट बघत असतो.

दोन्ही फोनवर एकच गेटवे दिसला तरी हुरळू नका. दोन्ही राउटरांचा पत्ता सारखाच असू शकतो, कारण बऱ्याच कंपन्या १९२.१६८.१.१ हाच पत्ता देऊन पाठवतात. हे ओळखायची खूण गमतीची आहे: ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की कधी या कंपनीचं पान येतं, कधी त्या. जिओच्या पेट्यांचा पत्ता बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, म्हणून त्या घरांत ही टक्कर कमी दिसते. पत्ते वाटणाऱ्यांचं भांडण तिथेही असतंच.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर फोनला किंवा लॅपटॉपला कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय. तेव्हा थेट केबलकडे जा.

वायर कुठल्या भोकात आहे

राउटरच्या मागे एक पोर्ट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो, बहुधा निळा, त्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं. मुख्य राउटरला तो लागतो. दुसऱ्या राउटरला, तो स्वतः पत्ते न वाटता नुसतं वायफाय पसरवणार असेल तर, खालून आलेली वायर बाकीच्या लॅन पोर्टांपैकी एकात हवी.

वॅनमध्ये लावली तरी नेट बहुतेक वेळा चालतं, आणि हीच फसवणूक. तेव्हा वरचा राउटर आपलं वेगळं घर थाटतो. वरचे फोन एका घरात, खालचा टीव्ही आणि प्रिंटर दुसऱ्या घरात, मध्ये बंद दार. ऑफिसचं व्हीपीएन आणि काही गेम अशा दुहेरी दारातून कुरकुरतात. नुसतं नेट हवं असेल, प्रिंटर-टीव्हीशी देणंघेणं नसेल, तर ही मांडणी तशीच ठेवली तरी जगबुडी होत नाही, हे माझं प्रामाणिक मत. घरात भाडेकरू असेल तर उलट वेगळं घर सोयीचंच.

आत्याच्या राउटरच्या निळ्या पोर्टावर मी चिकटपट्टी लावून पाटी लिहिली आहे: 'येथे वायर घालू नये. घातल्यास भाच्यास फोन करू नये.'

डीएचसीपी

घरात नवीन फोन आला की तो ओरडून विचारतो, 'मला पत्ता कोण देणार?' उत्तर देण्याचं काम डीएचसीपीचं. दोन राउटरांवर ते चालू असेल तर दोघेही उत्तर देतात आणि फोन सहसा आधी आलेलं उत्तर धरतो. एरवी खालच्या पेटीचं उत्तर आधी येतं म्हणून महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. पण वीज गेली आणि आली की चित्र बदलतं. फायबरच्या पेटीला उठून, कंपनीशी बोलणं करून तयार व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. वरचा साधा राउटर मिनिटभरात उठून बसतो आणि समोर दिसेल त्याला पत्ते वाटत सुटतो. गुरुवारचं कोडं ते एवढंच.

आपोआप बरं होण्याचंही कारण यातच आहे. पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्याने मिळतो. कुठे दोन तासांसाठी, कुठे दिवसभरासाठी. मुदत संपली किंवा फोन बाहेर जाऊन परत आला की पुन्हा विचारणा होते आणि नशीब असेल तर योग्य माणूस उत्तर देतो.

सोपा उपाय आधी बघा. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' किंवा 'वर्किंग मोड' असं काही आहे का? असेल तर तिथे 'ॲक्सेस पॉइंट' (म्हणजे नुसतं वायफाय पसरवणारा) निवडा, सेव्ह करा. डीएचसीपी तो स्वतःच बंद करतो, आणि या मोडमध्ये बहुतेक राउटरांत वायर कुठल्याही पोर्टात चालते. काम झालं.

तो पर्याय नसेल तर हाताने करायचं, आणि इथे क्रम चुकवू नका. खालून आलेली केबल काढा. लॅपटॉप वायरने फक्त वरच्या राउटरला जोडा. त्याचं पान उघडा. पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या बुडाखालच्या स्टिकरवर असतो. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड ठीक करून घ्या. मग 'लॅन' सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता बदला. खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२ द्या. शेवटचा आकडा सोडून बाकी सगळं खालच्यासारखं. सेव्ह केल्यावर पान अडकल्यासारखं होईल, घाबरू नका, आता तो नव्या पत्त्यावर राहायला गेलाय. नव्या पत्त्यावर जा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. आधीच बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही, तुम्ही बाहेर अडकाल आणि मग लॅपटॉपला हाताने पत्ता भरत बसावं लागेल.

हा नवा पत्ता खालचा राउटर दुसऱ्या कोणाला वाटणार नाही याचीही सोय करा. मुख्य राउटरच्या डीएचसीपीमध्ये वाटायच्या पत्त्यांची सुरुवात १०० आणि शेवट २०० असं केलं की २ नंबर सुरक्षित राहतो. हे न केल्याने दोन महिन्यांनी कुणाच्या तरी नव्या फोनला १९२.१६८.१.२ मिळतो आणि वरचा राउटर विचित्र वागायला लागतो. सिंहगड रोडला याच कारणाने दुसरी फेरी पडली.

आता खरी परीक्षा. खालची पेटी पूर्ण बंद करा. वरचा राउटर एकटाच चालू ठेवा आणि फोन त्याला जोडा. फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' वर घुटमळला पाहिजे, जोडलाच जाता कामा नये. ऐटीत जोडला गेला तर डीएचसीपी अजून चालूच आहे. काही राउटरांत 'चालू' आणि 'बंद' यांच्या जोडीला 'ऑटो' असा पर्याय असतो: दुसरा कोणी पत्ते वाटत नसेल तर मी वाटतो. ऐकायला शहाणपणाचं, पण वीज आल्यावर खालची पेटी उठेपर्यंत कोणीच वाटत नसतो, म्हणजे हा परत सुरू. 'ऑटो' नको, 'बंद'च हवं. परीक्षा झाली की खालची पेटी चालू करा, तिचे दिवे स्थिर होऊ द्या, मग केबल जोडा आणि घरातल्या सगळ्या फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करा, म्हणजे जुने चुकीचे पत्ते गळून पडतील.

केबल

वेग ९४-९५ वर अडकलेला असेल तर आधी बघा की राउटरचे पोर्टच शंभरचे नाहीत ना. स्वस्त राउटरांत असतात, आणि त्यावर नवी केबल हा उपाय नाही. पोर्ट गिगाबिट (हजार एमबीपीएसचे) असतील तर लॅपटॉप वायरने वरच्या राउटरच्या जागी लावून 'लिंक स्पीड' बघा. १०० दिसला तर केबलच्या आठपैकी एखादी तार तुटली किंवा नीट बसलेली नाही. शंभरला चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात. म्हणून अर्धवट तुटलेली केबल बंद पडत नाही, नुसती मंदावते.

बहुतेक वेळा दोष टोकाच्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये असतो. प्लग उजेडात धरून बघा. आठही तारांची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. सदाशिव पेठेच्या वाड्यात तपकिरी तार अर्धा मिलिमीटर मागे राहिली होती, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी. प्लग कापून नवा बसवला, वेग लगेच पूर्ण. रंगांचा क्रम, खटका खाली ठेवून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच.

साधा टेस्टर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो. दोन टोकांना दोन डबे लावायचे, एक ते आठ दिवे क्रमाने लागले पाहिजेत. नवी केबल घेणार असाल तर पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण वाकवली की तुटते. कॅट ५ई किंवा कॅट ६, शंभर मीटरच्या आत दोन्ही गिगाबिटला पुरतात. बंगल्यात याहून महाग काही लागत नाही.

रोषणाईचा प्रकार असेल तर दोन्ही राउटरांमध्ये दोन वायरी गेल्या आहेत का बघा. कोणीतरी लोंबकळणारं टोक 'रिकामं दिसलं म्हणून' खोचून ठेवतं आणि निरोप गोल गोल फिरत राहतात. वरच्या राउटरमध्ये वायर असताना वायरलेस रिपीटर मोडही चालू ठेवला तरी हेच होतं. एक वायर काढा, घर शांत.

फोन चिकटून राहतो

दोन्ही राउटरांना वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरशः एकसारखा ठेवा. कुठल्या राउटरला जोडायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. म्हणून चिकटण्याचा रोग पूर्ण जात नाही, कमी होतो. २.४ गिगाहर्ट्झवर खाली १ नंबरचं चॅनेल आणि वर ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. तरी फोन खालचं सोडत नसेल तर खालच्या राउटरची २.४ ची ताकद एक पायरी कमी करा. विरोधाभास वाटतो, पण लागू पडतो.

५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधली चॅनेल निवडा. ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर राउटरला आधी निदान मिनिटभर रडारचा कानोसा घ्यावा लागतो, त्यामुळे वीज आल्यावर ते वायफाय उशिरा दिसतं आणि आत्याला वाटतं, परत बिघडलं.

इथे थांबा

लॅन केबल विजेच्या वायरींच्याच पाइपातून नेलेली दिसली तर स्वतः ओढाओढ करू नका, वायरमनला बोलवा. तिथे २३० व्होल्ट आहेत. दोन मजल्यांमधली केबल बाहेरच्या भिंतीवरून जात असेल आणि शिडी लागणार असेल, तरीही तुमचं काम संपलं. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात विजा कडाडल्यानंतर एखादा पोर्ट कायमचा मेला असेल, तर दुसऱ्या पोर्टात वायर लावून वेळ मारून नेऊ नका. गच्चीवरून गेलेल्या तांब्याच्या केबलमधून झटका आत येतो आणि पुढच्या वेळी पेटीच जाते. त्या जागी फायबर टाकून घ्या, ते काम जाणत्या माणसाचं.

पेटीत जाणारी बारीक फायबर कधीही उपसू नका, तिच्या टोकात डोकावू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण असतो. पेटी ब्रिज मोडमध्ये (तिचं राउटरचं काम बंद, नेट नुसतं पुढे सोडायचं) टाकायची असेल तर कंपनीकडूनच करून घ्या. वाड्याच्या भिंतीला भोक पाडायचं असेल तर आधी जुना गवंडी गाठा.

कंपनीला तक्रार देताना आधीच सांगा: दुसरा राउटर काढून बघितलाय, पेटीला लॅपटॉप थेट वायरने लावून बघितलाय, तरी नेट नाही. 'राउटर बंद-चालू करून बघा'च्या तीन फेऱ्या वाचतात. माणूस घरी येऊन गेला की जिन्याच्या वर जाऊन एकदा बघा. सवयीने तो वरच्या राउटरचंही रिसेटचं बटण टाचणीने दाबून जातो, डीएचसीपी पुन्हा चालू होतं, आणि पुढच्या गुरुवारी दुपारी फोन मलाच येतो.